विंडोज ७ च्या जुन्या मशीनवर पायथन : कोणती आवृत्ती चालते, कशी बसवायची, आणि स्वतः बिल्ड करायचं असेल तर

भंडारा : शाळेच्या लॅबमधली, ग्रामपंचायतीतून निघालेली किंवा नागपूरच्या सीताबर्डीवरून सेकंडहँड आणलेली मशीन. दोन जीबी रॅम आणि विंडोज ७. पोराला कॉलेजात पायथन आहे म्हणून तो साइटवर जातो, मोठ्या पिवळ्या बटणावर क्लिक करतो, फाइल उतरवतो, आणि ती फाइल त्याला सांगते की ही विंडोज जुनी आहे, इथे बसणार नाही. घरात मग एकच निष्कर्ष निघतो : नवीन कॉम्प्युटर घ्यावा लागेल. धानाचे चुकारे यायचे असतात, तोवर प्रॅक्टिकलची तारीख येऊन जाते.

हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. नवीन मशीन लागत नाही, बरोबर आवृत्ती लागते. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर आधीच देतो : विंडोज ७ साठी पायथन ३.८.१०, विंडोज ८.१ साठी ३.१२, आणि अजून कुठे एक्सपी चालू असेल तर ३.४.४. यापुढच्या आवृत्त्या त्या त्या विंडोजवर बसत नाहीत. ज्यांना कारण समजून घ्यायचं आहे, किंवा वीस मशिनींची लॅब उभी करायची आहे, त्यांनी पुढचं वाचावं.

(या लेखात आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग वापरायचं.)

नवीन आवृत्ती बसत का नाही

पायथन हा प्रोग्राम स्वतः सी भाषेत लिहिलेला आहे. त्या सी कोडपासून चालणारी फाइल तयार करणं म्हणजे बिल्ड. बिल्ड करतानाच एक गोष्ट ठरते : ही फाइल कमीत कमी कोणत्या विंडोजवर चालेल. विंडोजच्या हेडर फाइलींमध्ये त्यासाठी एक आकडा द्यावा लागतो. एक्सपीसाठी ०५०१, विंडोज ७ साठी ०६०१, विंडोज ८ साठी ०६०२, ८.१ साठी ०६०३. विंडोज १० ला तो ०ए०० होतो, कारण हा आकडा सोळाच्या पायावरचा, म्हणजे हेक्स आहे. आकडा जितका वरचा, तितकी नवीन विंडोजमधली जास्त फंक्शनं वापरता येतात, आणि तितक्या जुन्या मशिनी मागे राहतात.

पायथन ३.८ च्या कोडमध्ये हा आकडा विंडोज ७ चा आहे. ३.९ पासून तो वर गेला. हे कोणाच्या लहरीवर झालेलं नाही. पायथनवाल्यांचा लेखी नियम आहे : नवी आवृत्ती निघते त्या दिवशी मायक्रोसॉफ्ट ज्या विंडोजला अजून सपोर्ट देत असेल, तिलाच आम्ही सपोर्ट देऊ. ३.८ निघाली १४ ऑक्टोबर २०१९ ला. विंडोज ७ चा सपोर्ट संपला १४ जानेवारी २०२० ला. तीन महिन्यांच्या फरकाने ३.८ आपल्या वाट्याला आली. ३.९ ऑक्टोबर २०२० मध्ये निघाली, तेव्हा विंडोज ७ नियमाबाहेर गेलेली होती.

आपल्याकडे शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. ज्या बांधीत पाणी शेवटपर्यंत टिकत नाही तिथे भारी धान लावत नाहीत, हलकं लावतात. वाण वाईट नसतं, बांधी त्याची नसते.

आता प्रत्यक्ष अडतं कुठे ते पाहा, कारण पुढे बिल्ड करताना हीच जागा लागते. फोल्डरचा पत्ता आणि फाइलचं नाव जोडून पूर्ण पाथ बनवायचं एक फंक्शन विंडोज ८ मध्ये नवीन आलं. ३.८ चा कोड चालू होताना आधी बघतो की हे फंक्शन या विंडोजमध्ये आहे का. असेल तर वापरतो, नसेल तर जुन्या फंक्शनवर काम भागवतो. ३.९ मध्ये ही पर्यायी वाट काढून टाकली आणि नवं फंक्शन थेट जोडलं. म्हणून कोणी ३.९ चं फोल्डर दुसऱ्या मशीनवरून कॉपी करून विंडोज ७ वर चालवायला गेलं, तर एरर येते की ‘एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ-एल१-१-०’ ही डीएलएल सापडत नाही. ही एरर दिसली की समजायचं, मशीन बिघडलेली नाही, आवृत्ती चुकली आहे.

आधी मशीन तपासा

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, ‘विनव्हर’ टाइप करा, एंटर. जी खिडकी उघडेल तिच्यात विंडोज ७ आणि त्यापुढे सर्व्हिस पॅक १ असं लिहिलेलं असलं पाहिजे. सर्व्हिस पॅक १ नसेल तर ३.८ बसणारच नाही, आधी तो टाकावा लागेल.

मग कॉम्प्युटरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहा. सिस्टिम टाइपसमोर ३२ बिट लिहिलंय की ६४ बिट, ते कागदावर लिहून घ्या. जुन्या मशिनींवर प्रोसेसर ६४ बिटचा असूनही विंडोज ३२ बिट टाकलेली सर्रास सापडते. आपल्याला विंडोज किती बिटची आहे ते हवं, प्रोसेसर नाही.

तिसरी गोष्ट तारीख. याकडे कोणी बघत नाही आणि दिवस वाया जातो. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. लाइट गेली की तारीख मागच्या कुठल्या तरी वर्षात जाते. मग पिप काहीच उतरवत नाही, सर्टिफिकेटची एरर देत राहतो, आणि आपण पायथनला दोष देतो. सीआर २०३२ नावाचा तो सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो बदला, तारीख बरोबर करा, मग पुढे जा.

चौथं, विंडोजचे अपडेट. ३.८ ला विंडोज ७ वर केबी २५३३६२३ हा अपडेट लागतो. तो मायक्रोसॉफ्टने नंतर मागे घेतला, त्याऐवजी केबी ३०६३८५८ टाकला तरी चालतं. पायथन चालू करताना ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी’ असं नाव असलेली डीएलएल सापडत नाही असं आलं, तर केबी २९९९२२६ हा अपडेट राहिलाय. हे अपडेट मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवरून घ्यायचे. जुन्या मशीनच्या ब्राउझरमध्ये ते पान नीट उघडत नाही. मोबाइलवर किंवा दुसऱ्या मशीनवर उतरवा आणि पेनड्राइव्हने आणा.

वर दिलेली ‘कोअर-पाथ’ची एरर आणि ही ‘सीआरटी’ची एरर दिसायला जुळ्या बहिणी. पण पहिलीवर अपडेटचं औषध नाही आणि दुसरीवर आवृत्ती बदलण्याची गरज नाही. नाव पूर्ण वाचा.

कोणती फाइल घ्यायची

पायथनच्या अधिकृत साइटवर डाउनलोडमध्ये जुन्या आवृत्त्यांची यादी आहे. तिथून ३.८.१० उघडा. ही ३ मे २०२१ ला निघाली आणि ३.८ मालिकेत विंडोजची तयार इन्स्टॉलर फाइल असलेली ही शेवटची. यापुढच्या ३.८.११ ते ३.८.२० फक्त सोर्स कोडच्या रूपात आहेत.

पानाच्या खाली अनेक फाइली दिसतात. ३२ बिट विंडोजसाठी साधी ‘एक्सई’ फाइल. ६४ बिटसाठी नावात ‘एएमडी६४’ असलेली. इथे हमखास गोंधळ होतो, की आमचा प्रोसेसर तर इंटेलचा आहे, मग एएमडी कशी घ्यायची? बिनधास्त घ्या. ६४ बिटची ही पद्धत पहिल्यांदा एएमडीने काढली म्हणून ते नाव राहिलं, इंटेलवरही तीच चालते. ‘वेब बेस्ड’ असं लिहिलेली छोटी फाइल मात्र घेऊ नका. ती बसताना पुन्हा नेट मागते, आणि गावात ऐन वेळी रेंज गेली की अर्ध्यात अडकते.

फाइल पेनड्राइव्हवर चार हात फिरून आली असेल तर एकदा तपासून घ्या. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा ‘हॅशफाइल’ या पर्यायासह द्या, फाइलचं नाव द्या, शेवटी एमडी५ लिहा. जो लांब आकडा येईल तो साइटवरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. लॅबमधल्या पेनड्राइव्हांची अवस्था सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे ही दोन मिनिटं वाचवू नका.

बसवताना पहिल्याच खिडकीत खाली ‘ॲड पायथन टू पाथ’ हा चौकोन असतो. त्यावर खूण करा. ती राहिली तर कमांड प्रॉम्प्टला पायथन ओळखू येत नाही. लॅबमध्ये बसवत असाल तर कस्टमाइझमध्ये जाऊन ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ निवडा, नाहीतर सरांच्या लॉगिनवर चालतं आणि पोरांच्या लॉगिनवर नाही. वीस मशिनींवर एकेक क्लिक करत बसायचं नसेल तर इन्स्टॉलरला ‘क्वाएट’, ‘इन्स्टॉल-ऑल-युजर्स बरोबर १’ आणि ‘प्रीपेंड-पाथ बरोबर १’ हे तीन पर्याय देऊन एक बॅच फाइल करून ठेवा. पेनड्राइव्ह लावा, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, पुढच्या मशीनवर जा.

अभ्यासक्रमाच्या दृष्टीने ३.८ मागे पडते का? फारशी नाही. लूप, फंक्शन, लिस्ट, डिक्शनरी, फाइल, क्लास, एफ-स्ट्रिंग, सगळं आहे. जे नाही ते लक्षात ठेवा : मॅच-केस ३.१० मध्ये आलं, दोन डिक्शनरी उभ्या रेषेने जोडणं ३.९ मध्ये, आणि एफ-स्ट्रिंगच्या आत तेच अवतरण चिन्ह पुन्हा वापरायची सोय ३.१२ मध्ये. यूट्यूबवरचा नवा व्हिडिओ बघून केलेला प्रोग्राम सिंटॅक्स एरर देत असेल तर आधी या तीन जागा बघा.

नेट नसलेल्या लॅबमध्ये लायब्ररी

नमपाय, पांडाज, मॅटप्लॉटलिब या लायब्ररींच्याही ३.८ साठी शेवटच्या आवृत्त्या ठरलेल्या आहेत : नमपाय १.२४.४, पांडाज २.०.३, मॅटप्लॉटलिब ३.७.५. नेट असेल तर पिप आपोआप जुळणारी आवृत्ती निवडतो.

नेट नसेल तर साकोली, तुमसर, जिथे नेट मिळेल तिथल्या मशीनवर ‘पिप डाउनलोड’ ही आज्ञा वापरा. ती लायब्ररी बसवत नाही, एका फोल्डरमध्ये साठवते. तिला सांगावं लागतं की पायथन ३.८ साठी हव्यात, विंडोज ३२ की ६४ बिटसाठी हव्यात, आणि फक्त तयार बायनरीच हव्यात. उतरलेल्या फाइलच्या नावातच सगळं लिहिलेलं असतं. ‘सीपी३८’ म्हणजे पायथन ३.८. ‘विन३२’ किंवा ‘विन-एएमडी६४’ म्हणजे कोणती विंडोज. ‘नन-एनी’ असेल तर कुठेही चालते. हे फोल्डर लॅबमध्ये नेऊन ‘पिप इन्स्टॉल’ला ‘नो-इंडेक्स’ आणि ‘फाइंड-लिंक्स’ हे पर्याय दिले की तो नेटकडे न जाता फोल्डरमधूनच बसवतो.

फाइलचा शेवट ‘टार डॉट जीझेड’ असेल तर ती तयार बायनरी नाही, सोर्स आहे. ती बसवायला मशीनवर सी कंपायलर लागेल. अशी फाइल आली म्हणजे बायनरीचा पर्याय द्यायचा राहिला.

स्वतः बिल्ड करायचं असेल तर

तयार इन्स्टॉलर असताना बिल्डची उठाठेव कशाला? एकच खरं कारण आहे. ३.८.१० नंतर ३.८.२० पर्यंत सुरक्षेच्या ज्या दुरुस्त्या झाल्या, त्या विंडोजवर हव्या असतील तर स्वतः बिल्ड करण्याशिवाय मार्ग नाही. ३.८ मालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिकृतपणे बंद झाली, म्हणून ३.८.२० हीच शेवटची. प्रोग्रामिंग शिकण्यापुरतं काम असेल तर ३.८.१० पुरे. लॅबच्या मशिनी नेटला जोडलेल्या असतील किंवा पायथनवर काही सर्व्हर चालवायचा असेल तर हे कष्ट घ्या.

बिल्ड जुन्या मशीनवर करायची गरज नाही. किंबहुना करूच नका, दोन जीबी रॅमवर जीव जाईल. विंडोज १० ची एखादी बरी मशीन घ्या. तिच्यावर व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ किंवा २०१९ चे बिल्ड टूल्स बसवा, त्यात सी++ डेस्कटॉप डेव्हलपमेंटचा भाग आणि विंडोज एसडीके निवडा. हे काही जीबीचं डाउनलोड आहे, रात्री लावून ठेवलेलं बरं. मग ३.८.२० चा सोर्स उतरवून सोडवा. पाथमध्ये स्पेस किंवा मराठी अक्षरं येणार नाहीत असं फोल्डर घ्या.

आत ‘पीसी’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘पायकॉन्फिग डॉट एच’ ही फाइल आहे. तिच्यात ‘पाय-विनव्हर’ समोर ०६०१ दिसेल. वर सांगितलेला आकडा तो हाच. त्याला हात लावू नका. कोणी ‘आपली मशीन विंडोज १० आहे’ म्हणून तो वाढवतो. कंपायलर काहीच कुरकुर करत नाही, बिल्ड पूर्ण होतं, बिल्डच्या मशीनवर चालतंही. विंडोज ७ वर गेल्यावर मात्र ते उघडण्याची खात्री राहत नाही. बिल्ड कोणत्या मशीनवर केलं याला महत्त्व नाही, कोणत्या विंडोजसाठी केलं याला आहे.

‘पीसीबिल्ड’ फोल्डरमध्ये ‘बिल्ड डॉट बॅट’ आहे. तिला पी या पर्यायाने ‘विन३२’ किंवा ‘एक्स६४’ सांगायचं आणि ई हा पर्याय द्यायचा, म्हणजे ओपनएसएसएल, एसक्यूलाइट, टीके वगैरे बाहेरच्या लायब्ररी ती नेटवरून स्वतः आणते. त्या न आणता बिल्ड केलं तर पायथन तयार होईल, पण आयडल उघडणार नाही आणि पिप नेटला जोडणार नाही. तयार फाइली ‘पीसीबिल्ड’च्या आतच ‘विन३२’ किंवा ‘एएमडी६४’ फोल्डरमध्ये येतात. मध्ये लाइट गेली तर घाबरू नका, पुन्हा तीच आज्ञा द्या, झालेलं काम बहुतेक वाचतं.

हे फोल्डर जसंच्या तसं पेनड्राइव्हवर नेऊ नका, त्यात बिल्डचा पुष्कळ कचरा असतो. ‘पीसी’ फोल्डरमधली ‘लेआउट’ नावाची स्क्रिप्ट नव्या पायथननेच चालवा, डिफॉल्ट प्रीसेट आणि कॉपीचा पर्याय द्या. ती पिप, आयडल आणि लागणाऱ्या रनटाइम डीएलएलसह एक सुटसुटीत फोल्डर बनवते. ते विंडोज ७ वर ठेवलं की काम झालं. वर सांगितलेले अपडेट तिथे लागतातच, बिल्ड स्वतःचं असलं म्हणून ते सुटत नाहीत.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ३.८ सोबत ओपनएसएसएल १.१.१ येतं, आणि त्याचा सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्ये संपला. म्हणजे ३.८.२० बिल्ड करूनही मशीन आजच्या मापाने सुरक्षित होत नाही, आधीपेक्षा बरी होते इतकंच.

३.९ किंवा त्यापुढची आवृत्तीच विंडोज ७ साठी बिल्ड करायची, असा हट्ट असेल तर नुसता आकडा खाली आणून भागत नाही. ३.९ मधून काढलेली ती पर्यायी वाट कोडमध्ये परत घालावी लागते, आणि पुढच्या प्रत्येक आवृत्तीत अशा जागा वाढत जातात. आकडा खाली आणल्यावर काही ठिकाणी कंपायलर अडतो आणि जागा दाखवतो. काही जागा मात्र सुटतात आणि विंडोज ७ वर चालवल्यावरच कळतात. तयार फाइल कोणकोणत्या डीएलएलमधून काय मागते ते व्हिज्युअल स्टुडिओसोबतच्या ‘डम्पबिन’ने आधी बघून घेता येतं. कोणी हे शिकण्यासाठी करत असेल तर जरूर करावं, सिस्टिम प्रोग्रामिंगचा याहून चांगला धडा नाही. लॅबसाठी करू नये.

आणि इंटरनेटवरून ती हरवलेली डीएलएल सुटी उतरवून सिस्टिम फोल्डरमध्ये टाकायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. डीएलएल म्हणजे चालणारा प्रोग्रामच. तो कोणी बनवला, आत काय आहे, हे आपल्याला कळायचा मार्ग नाही.

‘माझ्याकडे चालतो, तिथे चालत नाही’

हा प्रश्न शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा. मुलगा दूध संस्थेसाठी किंवा सेवा सहकारी सोसायटीसाठी हिशेबाचा छोटा प्रोग्राम करतो. स्वतःच्या विंडोज ११ लॅपटॉपवर पायइन्स्टॉलरने एक्सई बनवतो. सोसायटीच्या विंडोज ७ वर ती उघडत नाही आणि सचिवांसमोर मान खाली जाते.

पायइन्स्टॉलर तुमच्या मशीनवरचंच पायथन त्या एक्सईमध्ये बांधून देतो. आत ३.१२ असेल तर विंडोज ७ वर उघडायचा प्रश्नच नाही. ६४ बिट पायथनने केलेली एक्सई ३२ बिट विंडोजवर चालत नाही, उलट मात्र चालते. म्हणून नियम साधा : जिथे वापरायचा आहे त्यातली सर्वांत जुनी मशीन धरा, तिच्यासारख्याच मशीनवर ३२ बिट पायथन ३.८ टाकून एक्सई बनवा, आणि सुपूर्द करण्याआधी प्रत्यक्ष तिथल्या मशीनवर चालवून बघा.

बाकी भाषांचंही असंच आहे. गो भाषेची १.२० ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती. रस्टने १.७८ पासून किमान विंडोज १० ठेवलं. विंडोज ७ साठी वेगळं टार्गेट आहे, पण त्याची हमी कोणी घेत नाही. नोड १३ पर्यंत चालतो, १४ ला इन्स्टॉलर नकार देतो. सी आणि सी++ मध्ये सूत्रं तुमच्याच हातात असतात, वर दिलेला आकडा तुम्हीच ठरवता. एक्सपीसाठी व्हिज्युअल स्टुडिओत वेगळा एक्सपी टूलसेट निवडावा लागतो, नाहीतर ‘हे वैध विन३२ ॲप्लिकेशन नाही’ असं येतं.

बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सवाल्यांची अडचण याच्या नेमकी उलट. टर्बो सी++ हा १६ बिटचा प्रोग्राम, आणि कोणतीच ६४ बिट विंडोज १६ बिटचे प्रोग्राम चालवत नाही. तिथे डॉसबॉक्स लागतो. ३२ बिट विंडोज ७ असलेल्या जुन्या मशीनवर मात्र टर्बो बहुधा थेट उघडतो. भंगार म्हणून कोपऱ्यात टाकलेली मशीन इथे कामाची निघते.

मराठी नीट दिसत नाही तेव्हा

प्रोग्राममध्ये ‘धान’ छापलं आणि काळ्या खिडकीत चौकोन आले, तर प्रोग्राम बरोबर आहे. विंडोज ७ च्या कमांड प्रॉम्प्टला देवनागरी दाखवता येत नाही. तोच प्रोग्राम आयडलमध्ये चालवा, अक्षरं नीट दिसतील. फाइलमध्ये मराठी लिहिताना ‘ओपन’ला एन्कोडिंग यूटीएफ-८ असं प्रत्येक वेळी सांगा. विंडोजवर ३.८ ते स्वतःहून धरत नाही आणि एरर देतं. सगळ्या लॅबसाठी एकदाच सोय करायची तर ‘पायथन-यूटीएफ८’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून ठेवा.

विंडोज ७ सोडायची की नाही

आमचं मत असं, की नेट न लागणाऱ्या लॅबसाठी विंडोज ७ राहू द्या. नेट लागणार असेल तर सोडा. क्रोमची १०९ नंतरची आवृत्ती विंडोज ७ वर येत नाही. अशा मशीनवर बँकेचं काम, परीक्षेचे फॉर्म, आधारचं काही करू नये.

जुन्या मशीनवर लिनक्स टाकायचं तर ३२ बिट असल्यास डेबियन १२ घ्या, १३ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद झाला. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी डेस्कटॉप निवडा. डेबियन १२ मध्ये पायथन ३.११ आधीच असतं, म्हणजे ज्या मशीनवर विंडोज ३.८ च्या पुढे जाऊ देत नव्हती तिथेच मॅच-केस चालतं. सी-डॅकचं बॉसही डेबियनवरच उभं आहे. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाची पायथन मालिका ३.४.३ वर केलेली आहे आणि मूलभूत गोष्टी त्यातून आजही शिकता येतात. त्या प्रकल्पाचे बरेच धडे मराठी आवाजातही आहेत, आणि एकदा उतरवले की नेटशिवाय चालतात.

आधीच जुनं लिनक्स असेल, समजा उबुंटू १६.०४, आणि त्यावर नवं पायथन बिल्ड करायचं असेल, तर अडचण ओपनएसएसएलची येते. पायथन ३.१० पासून ओपनएसएसएल १.१.१ लागतं, आणि उबुंटू १६.०४ मध्ये १.०.२ आहे. बिल्ड पूर्ण झाल्यासारखं दिसतं, पण शेवटी एक ओळ येते की एसएसएल मॉड्यूल बनलं नाही. ती ओळ वाचायची सवय ठेवा, कारण त्याशिवाय पिप निकामी आहे. उपाय असा की ओपनएसएसएल १.१.१ वेगळ्या फोल्डरमध्ये बिल्ड करायचं आणि पायथनच्या ‘कॉन्फिगर’ला ‘विथ-ओपनएसएसएल’ या पर्यायाने तो पत्ता द्यायचा, सोबत ‘विथ-ओपनएसएसएल-आरपाथ’ला ‘ऑटो’. झेडलिब, एफएफआय, टीके यांचे ‘डेव्ह’ पॅकेज आधी टाकून घ्यायचे. शेवटी ‘मेक इन्स्टॉल’ करायचं नाही, ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’ करायचं. उबुंटूची स्वतःची कितीतरी कामं तिच्या मूळ पायथनवर चालतात, आणि ‘पायथन३’ हे नाव दुसऱ्याच आवृत्तीकडे वळलं तर ती बिघडू शकतात. ऑल्टइन्स्टॉलने नवं पायथन स्वतःच्या आकड्याच्या नावाने शेजारी बसतं, जुन्याला धक्का लागत नाही.